हातात किती पडते?

आम्ही गोंदियाजवळच्या गोरेगावात राहायला आलो त्या दिवशी कपाट अर्धं टेम्पोत आणि अर्धं माझ्या हातात होतं. तेवढ्यात शेजारच्या फाटकातून साठी ओलांडलेल्या एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्यांनी आधी टेम्पोवाल्याला विचारलं, "भाडं किती ठरलं?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गुरुजी ना तुमी? पगार हातात किती पडते?"

कपाट हातात असताना माणसाला खोटं सुचत नाही. मी म्हणालो, "भागतं."

"भागते म्हंजे किती?"

मी टेम्पोवाल्याकडे पाहिलं. तोही उत्तराची वाट बघत थांबला होता.

"लाजू नका," बाई म्हणाल्या, "मी नर्स आहे."

या कौतिकाबाई पटले. अख्खी गल्ली त्यांना नर्सबाई म्हणते. दरेकशाकडच्या जंगलातल्या गावांत बत्तीस वर्षं त्यांनी बाळंतपणं केली, लसी टोचल्या, तापाच्या गोळ्या वाटल्या आणि निवृत्त होऊन गोरेगावच्या घरी आल्या. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी रंजू रायपूरला दिलेली. घरात त्या एकट्याच. नोकरी संपली तरी तपासायची सवय गेली नव्हती. फक्त आता त्या नाडीऐवजी आकडा तपासत.

त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं. "मानूस मले जुलाब किती वेळा झाले ते सांगते. बाया मले काय काय सांगतात ते तुमाले सांगता बी येत नाई. आन पगार विचारला का असे पाहातात, जसी काई मी त्यायचं धोतर ओढून राहिली!"

गल्लीतली पुरुषमंडळी त्या दिसल्या की मोबाईल कानाला लावत. त्याचा उपयोग होत नसे. नर्सबाई शेजारी उभ्या राहून फोन संपायची वाट बघत. मात्र नियम स्वतःलाही लागू होता. आपली पेन्शन त्यांनी न विचारता सगळ्यांना सांगून ठेवली होती, आठवडी बाजारातल्या भाजीवालीलासुद्धा. ती एकदा म्हणाली, "बाई, एवढी पेन्शन आहे तं पावभर वांग्याले काऊन झगडून राहिल्या?"

"पेन्शन मले वांग्यासाठी नाई भेटत," नर्सबाई म्हणाल्या आणि दोन वांगी वर टाकून घेतली.

आमच्या समोर बिसेन राहतात. त्यांच्या अश्विनीला बघायला गोंदियाहून मुलगा आला, तेव्हा वडीलधारं माणूस म्हणून नर्सबाईंना बोलावलं होतं. बोलावणाऱ्यांची ही चूक म्हणायची की शहाणपण, यावर गल्लीत अजून दोन मतं आहेत. मुलगा नव्या कोऱ्या चारचाकीतून उतरला. लाखोळीच्या डाळीचे वडे आले, चहा आला, शिक्षण झालं, मामा-मावश्यांची गावं झाली. नर्सबाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं.

"गाडी कोनाची?"

"माझीच," मुलगा म्हणाला.

"पूर्न तुझी का बँकेची?"

मुलगा खोकला. "बँकेची."

"हप्ता किती?"

"साडेनऊ हजार."

"आन पगार? लाजू नको, मी नर्स आहे."

"अठरा."

मुलाचे काका गोंदियात व्यापार करणारे, बोलणं निम्मं हिंदीत. ते हसत म्हणाले, "अरे मॅडम, ये सब बातें बाद में होती हैं."

"बाद में म्हंजे कधी? बारशाले?"

अश्विनी फसकन हसली. आणि मग, जिने आतापर्यंत फक्त नाव आणि शिक्षण सांगितलं होतं, ती मान वर करून म्हणाली, "मला अकरा हजार मिळतात. त्यातले तीन मी आईला देते. लग्न झाल्यावरही देणार आहे. चालत असेल तर बघा."

मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला. घट्ट बूट काढल्यावर होतो तसा. म्हणाला, "मला चालेल. आणि गाडी मला विकायचीच आहे. काकांनीच घ्यायला लावली, पोरगी बघायला जाताना बरी दिसते म्हणून." काकांनी त्यानंतर एकही वडा खाल्ला नाही. लग्न मात्र झालं. मंडपात मुलगा मोटरसायकलवरून आला.

गल्लीतल्या आठ-नऊ बायकांचा एक गट होता. माझी बायको सविताही त्यात सामील झाली. सहलीचे बेत होत, आणि प्रत्येक वेळी ऐन वेळी प्रमिलाचं पोट दुखे. प्रमिला शिवणकाम करायची. गरीब स्वभावाची, कमी बोलणारी. नागझिऱ्याला जिप्सी ठरवून वाघ बघायला जायचं ठरलं, तेव्हाही तिचं पोट दुखलं. बायका म्हणाल्या, बिचारीची तब्येतच नाजूक. नर्सबाई तडक तिच्या घरी गेल्या. सविता सोबत होती, म्हणून पुढचं मला शब्दशः माहीत आहे.

"पोट कुठं दुखते? हात लावून दाखव."

प्रमिलाने कुठेतरी हात लावला.

"तिथं पोट नाई. खरं सांग, पोट दुखते का पैसे नाईत?"

प्रमिला शिलाईचं कापड खाली ठेवून म्हणाली, "एवढे नाईत, बाई. दोनशे-तीनशे असते तं आली असती. दर बारी कसं सांगू?"

"आमालेच सांग! वाघाले थोडीच सांगाचं आहे?"

नर्सबाईंनी बाहेर येऊन गटाला कळवलं की प्रमिलाला दोनशे-तीनशे झेपतात, तर त्यात काय बसतं ते बघा. मग जे झालं ते गमतीचं होतं. आणखी तिघीजणी म्हणाल्या की त्यांनाही जिप्सीचे पैसे जडच जात होते, पण बोलणार कोण? वाघ रद्द झाला. बायका एसटीने गोंदियाला, तिथून पॅसेंजरने दरेकशाला उतरल्या, डबे खाल्ले, धबधब्यात पाय सोडून बसल्या. प्रमिला दिवसभर इतकी बोलली की परत येताना सविता म्हणाली, ही कमी बोलते असं मला कोणी सांगितलं होतं?

हे सगळं मी मोठ्या मजेने ऐकत होतो. दुसऱ्याच्या घरातलं होतं तोवर.

पाच महिने मी नर्सबाईंना "भागतं" वर टाळलं होतं. मग एके दिवशी वेतनवाढीची बातमी घेऊन मी शाळेतून घरी आलो. नर्सबाई आमच्या ओसरीत बसल्या होत्या, सविता कपात चहा ओतत होती. "काऊन गुरुजी, आज खूश दिसून राहिले?" त्यांनी विचारलं. "हातात किती पडते आता?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "पंचेचाळीस हजार दोनशे. आतापर्यंत चव्वेचाळीस होते."

सविता चहा ओततच राहिली. कप भरला, बशी भरली, चहा ताटलीत उतरला. कारण तिला मी चाळीस सांगितले होते. लग्न झाल्यापासून पगाराचा आकडा मी तिला चार हजारांनी कमी सांगत आलो होतो.

नर्सबाईंनी ताटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. अर्धा कप चहा पिऊन त्या काही न विचारता उठून गेल्या. असं यापूर्वी कधी झालं नव्हतं.

चार हजार कुठे जात होते, त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. आमगावला माझी थोरली बहीण आहे. भाऊजींची पिठाची चक्की बंद पडली होती, घर कसंबसं चाललं होतं. ताईने शपथ घातली होती, "वहिनीला सांगू नको. तिच्यासमोर मला यायला तोंड राहणार नाही." म्हणून नाही सांगितलं. पुढे सांगायचं राहून गेलं, आणि मग सांगायची भीती वाटायला लागली. त्या संध्याकाळी मी सविताला सगळं सांगू गेलो, तर ती म्हणाली, "आता काहीच सांगू नका."

पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. म्हणजे बोलली, पण कुकरशी. "भात झाला आहे," असं ती कुकरला सांगायची आणि मी पानावर जाऊन बसायचो.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. सगळा राग मी नर्सबाईंवर काढायचं ठरवलं आणि त्यांच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या.

"तुमच्या या विचारण्यापायी माझ्या घरात बोलणं बंद झालं," मी म्हणालो.

"मी आकडा विचारला. लपवला कोनं?"

"नवरा-बायकोतल्या काही गोष्टी झाकलेल्याच बऱ्या असतात, बाई. तुमचे मालक तुम्हाला सगळं सांगत होते का?"

आपण काय बोललो ते मला बोलल्यावर कळलं. नर्सबाईंचा हात सुपात थांबला.

"नाई," त्या म्हणाल्या. "बसा."

मी पायरीवर बसलो. त्यांनी सांगितलं ते तांदूळ निवडत निवडतच सांगितलं, आवाज न बदलता.

त्यांचे यजमान राईस मिलमध्ये दिवाणजी होते. पगार नर्सबाईंच्या पगाराचा तिसरा हिस्सा. रंजू शाळेत असतानाची गोष्ट. एकदा यजमानांनी मित्राच्या अडचणीला पाचशे रुपये दिले आणि घरात फीचे पैसे कमी पडले. "मी लय थकून आली होती ड्युटीवरून. रागात बोलून गेली, का हे घर माझ्या पगारावर चालते, तुमच्या नाई. ते म्हनाले, बरं. बस, एवढंच. त्या दिवसापासून रंजूच्या बाबानं मले एक रुपया मांगला नाई. बावीस वर्सं. मले वाटे, मानूस समजदार झाला."

पुढे यजमानांना हृदयाचा त्रास सुरू झाला. नागपूरच्या डॉक्टरने रोजच्या गोळ्या लिहून दिल्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. गोळ्या महाग होत्या. ते त्या स्वतःच्याच पैशातून आणत.

"ते सकारचीच घेत होते, गुरुजी. संध्याकारची नाई. पुरवून पुरवून खात होते. मी लोकायच्या घरी जाऊन गोळ्या मोजत होती. टीबीच्या पेशंटले माझ्यासमोर गिळाले लावत होती. आन घरच्या नाई मोजल्या. ते गेल्यावर सदऱ्याच्या खिशात गोळ्यायचं पाकीट भेटलं. तीन आठवडे आधीच रिकामं व्हाले पायजे होतं. अर्धं भरलं होतं."

"डॉक्टरले विचारलं मी. तो म्हने, त्यानंच झालं असं सांगता येत नाई." त्यांनी सुपातला एक खडा उचलून लांब टाकला. "माझ्या खात्यात पैसे पडून होते. एक वेळा मांगले असते. पन मांगतील कसे? मीच त्यायचं तोंड बंद केलं होतं ना."

मी घरी आलो आणि सविताला हे सगळं सांगितलं. मग माझंही सांगितलं, ताईचं, चक्कीचं, शपथेचं. या वेळी तिने अडवलं नाही. शेवटी म्हणाली, "ताईंना देता याचा राग नाहीच मला. दिवाळीला त्या आल्या होत्या. माझ्याकडे मान वर करून बघत नव्हत्या, धड बोलत नव्हत्या. मला वाटलं, शिष्टपणा करतायत. मीही तुटकच वागले. ती लाज होती, हे तुम्ही मला कळू दिलं नाही."

तिने लगेच ताईला फोन लावला. मला सगळं कळलं, असं तिने सांगितलं. मग ताई रडली. मग सविता म्हणाली, "ताई, चक्की पुन्हा सुरू करायला नक्की किती लागतील? गोल गोल नका सांगू." मोटर जळली होती. ताई-भाऊजी चार वर्षं चक्की बंद ठेवून बसले होते, पण दुरुस्तीला काय लागेल ते कोणी कोणाला विचारलं नव्हतं. खर्च ऐकून सविताला हसू आलं. आम्ही ताईला पाठवत होतो त्या चार-पाच महिन्यांच्या पैशांत ते काम होण्यासारखं होतं. संक्रांत झाल्यावर चक्की सुरू झाली. पहिलं पीठ घेऊन ताई स्वतः एसटीने आली आणि मला बाजूला सारून थेट स्वयंपाकघरात सविताजवळ जाऊन बसली.

संध्याकाळी त्या पिठातलं थोडं घेऊन आम्ही नर्सबाईंकडे गेलो. त्यांनी चक्कीचा सगळा हिशोब विचारून घेतला, मोटरचा भाव जास्त लागला म्हणून मला बोल लावला. ते आटोपल्यावर सविता म्हणाली, "बाई, रंजूचे बाबा कसे होते हो?"

नर्सबाई तिच्याकडे बघत राहिल्या. गल्ली त्यांच्याकडे डोकेदुखीची गोळी मागायला यायची, नाहीतर भांडण सोडवायला न्यायला यायची. हे विचारायला कोणी आलं नव्हतं.

"उंच होते," त्या म्हणाल्या. "कान मोठे. सायकल चालवताना शीळ वाजवत."

मग त्या बोलायला लागल्या आणि बोलतच राहिल्या. मिलला सुट्टी असली की ते नर्सबाईंबरोबर जंगलातल्या गावांना जात. एसटी जात नव्हती तिथे तीन-तीन कोस लसीचा डबा खांद्यावर घेऊन चालत. गावातली माणसं पुरुष बघून त्यांनाच डॉक्टर समजत, त्यांच्यासाठी खाट टाकत, पाणी आणत. "ते खाटेवर नाई बसत. मले बसवत. म्हनत, साहेब ह्या हायेत. मी तं डबा धरनारा मानूस."

त्या हसल्या. मग तेच पुन्हा सांगितलं, त्याच शब्दांत, आमच्याकडे न बघता. दिवेलागण होऊन गेली होती, पण त्या दिवा लावायला उठल्या नाहीत. सविताने मला नजरेनेच बसून राहायला सांगितलं.