धुतलेला खिमा

लोक तांदूळ धुतात, डाळ धुतात. चौबळकाका शिजवलेला खिमा धुतात.

हे कोणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे कच्चा ना?" नाही, शिजवलेला. कोरड्या कढईत परतून मोकळा झालेला खिमा काका मोठ्या चाळणीत ओततात आणि त्यावर किटलीतलं कढत पाणी सोडतात. खाली पातेलं असतं. गार झालं की ते फ्रीजमध्ये जातं. दुसऱ्या दिवशी त्या पाण्यावर चरबीची पांढरी, घट्ट चकती धरलेली असते. ती सुरीने अलगद उचलून बशीत ठेवायची आणि घरी येईल त्याला दाखवायची, हा काकांचा रिवाज.

"बघा. ही आपल्या आत गेली असती."

"अहो, त्यांना आधी पाणी तरी विचारा," काकू आतून म्हणतात.

इथे परदेशात, सेंगकांग या उपनगरात, त्यांच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत मी भाड्याने राहते. दिवसा विद्यापीठात संशोधन करते, उरलेल्या वेळात पत्रकं लिहिते. आमच्या छोट्या गटाचं म्हणणं साधं आहे. इथली आपली माणसं दिवसभर खुर्चीत बसतात, एमआरटीतून, म्हणजे मेट्रोतून, उतरून लिफ्टने घरी जातात आणि जेवतात मात्र रान नांगरून आल्यासारखी. हे कोणीतरी तोंडावर सांगायला हवं. मी सांगते. म्हणून स्नेहभोजनात मी पंगतीजवळ आले की लोक गुलाबजाम पुरीखाली सरकवतात. काका मला 'पत्रकबाई' म्हणतात.

खोली बघायला आले त्या दिवशी मलाही ती चकती दाखवली गेली. मला वाटलं, वा, अखेर आपल्या विचारांचा माणूस भेटला. राहायला लागल्यावर कळलं की काकांना विचारबिचार काही नाहीत. त्यांना केदार जेवायला यायला हवा आहे, बस.

केदार हा त्यांचा एकुलता एक मुलगा. शहराच्या दुसऱ्या टोकाला, वन-नॉर्थला नोकरी करतो, तिथेच जवळ राहतो. वाढला इथेच, त्यामुळे मराठी सगळं कळतं, पण उत्तर इथल्या शेवटी 'ला' लावायच्या इंग्रजीत येतं. ऐन तिशीत ऑफिसात त्याच्या छातीत दुखायला लागलं आणि स्टेंट बसवावी लागली. डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं की हे खाण्यामुळे होतं आणि घराण्यातूनही येतं. काकांनी दोन्ही गोष्टी नीट ऐकून घेतल्या आणि म्हणाले, "म्हणजे दोन्हीकडून मीच."

कारण त्या घरात रविवारचा खिमा काका करायचे. काकूंना त्या दिवशी स्वयंपाकघरात प्रवेश नव्हता. खिम्यावर लाल तर्री आली की ती पळीने अलगद काढून काका केदारच्या ताटात सोडायचे. वर चांपेची चरबी, वर उकडलेली अंडी, वर लोण्यात भाजलेले पाव. काकू म्हणायच्या, अहो, पुरे. त्यावर काकांचं एक वाक्य ठरलेलं होतं.

"एवढ्याने काय होतंय."

काकू त्यांची नक्कल फार छान करतात. मान डावीकडे टाकायची, 'होतंय' लांबवायचं आणि बोलता बोलता पळी रिकामी करायची. भातावर तूप घालताना हेच, चौथा पाव वाढताना हेच. माझ्यासमोर काकांनी हे वाक्य कधीच उच्चारलं नाही. हॉस्पिटलमधून आल्यापासून बंद आहे, असं काकू सांगतात, एखाद्याची सिगरेट सुटल्यासारखं.

केदारनेही काही सुनावलं नाही. फक्त रविवारी जेवायला येणं सोडलं. रविवारी तो पुलाउ उबीन बेटावर सायकल चालवायला जातो. संध्याकाळी सेंगकांगला येतो, बिनसाखरेचा चहा पितो, चपला घालता घालता आईशी बोलतो आणि जातो. काका विचारतात, "सायकल चालवून भूक लागत असेल ना?" तो म्हणतो, "एट ऑलरेडी ला, बाबा."

तेव्हापासून काका खिमा धुताहेत. केदारला बोलावत नाहीत. आधी खिमा बोलावण्याच्या लायकीचा व्हायला हवा, असं त्यांचं म्हणणं.

लायकीपर्यंतचा रस्ता आम्ही दोघींनी खाल्ला आहे. पहिल्यांदा त्यांनी सगळा मसाला घालून, मुरवून, मग खिमा धुतला. घरभर गरम मसाल्याचा वास आणि ताटात ओला भुसा. "मसाल्याची आंघोळ छान झाली," काकू म्हणाल्या. मग अर्धं मटण, अर्धं सोयाबीन. मग दुधी किसून. मग मशरूम बारीक चिरून, जे खिम्यात लपतात असा त्यांचा दावा होता आणि ते खरंच लपले. उकडलेल्या अंड्यातला पिवळा बलक काढून त्या खड्ड्यात मटार भरले. ते ताट आमच्याकडे टक लावून बघत होतं. कटलेटं रव्याऐवजी ओट्समध्ये घोळवून तव्यावर तेलाच्या नुसत्या हाताने भाजली, ती मात्र मी मागून घेतली.

लिटल इंडियातल्या मटणवाल्यासमोर काका मांडीचं मटण उलटंपालटं करून प्रत्येक पांढरी रेघ काढायला लावतात. तो एकदा हिंदीत म्हणाला, "अंकल, इतना साफ करोगे तो बचेगा क्या?" काका म्हणाले, "बेटा बचेगा." मी शेजारी पिशवी धरून उभी होते. नंतर बराच वेळ मी भाज्यांचे भाव बघत राहिले.

त्या सुमारास आमचं नवं पत्रक निघालं. ते मी फार रागाने लिहिलं होतं आणि राग अजूनही गेलेला नाही. आपल्याकडे माया दाखवायची एकच रीत आहे, वाढायचं. नको म्हटलं तरी वाढायचं, हात आडवा धरला तर हातावर वाढायचं. पोर गुटगुटीत झालं की सगळी आळी कौतुक करते आणि पुढे त्याची रक्ततपासणी झाली की तीच आळी नशिबाला बोल लावते. पत्रकात हे असंच लिहिलं होतं. काकांनी चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या. मला वाटलं, भाषेवरून बोलतील. एरवी ते म्हणतातच, तुझी पत्रकं फार डोळे वटारतात.

त्यांनी पत्रकाची नीट घडी घातली. "सगळं बरोबर आहे," म्हणाले. "फक्त उशिरा छापलंस गं."

मग एका शनिवारी पातेल्यावर चकती धरलीच नाही. नुसती पापुद्र्यासारखी साय. काकांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, काकूंना दाखवली, मला दाखवली आणि हात धुऊन केदारला फोन लावला. "उद्या उबीनहून थेट ये," एवढंच बोलले. पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर म्हणाले, "कॅन, म्हणाला. येतोय."

केदार आला तो उन्हाने लाल होऊन, हेल्मेट हातात घेऊन. काकांनी त्याला चकती दाखवली नाही. ताटं मांडली. मशरूम घातलेला, धुतलेला, भाजलेल्या कांद्यावर आणि पाणी काढलेल्या दह्यावर शिजवलेला खिमा, गव्हाचा ब्रेड, काकडीची कोशिंबीर. खिम्यावर लाल तर्रीचा टिपूस नव्हता. काका स्वतः जेवायला बसले नाहीत. पळी घेऊन उभे राहिले.

केदारने पहिला घास खाल्ला आणि थांबला.

"बाबा, हाऊ कम इट टेस्ट्स लाइक बिफोर?"

खोटं होतं ते. पहिल्यासारखं अजिबात नसणार. पण त्याने ब्रेडने ताट पुसून घेतलं. काकांनी दुसऱ्यांदा वाढलं. तेही संपलं. काका माझ्याकडे बघून हसले, काकूंकडे बघून हसले, पळी या हातातून त्या हातात घेतली.

मग केदारने स्वतःच पातेलं जवळ ओढलं.

"पुरे आता," काका म्हणाले.

केदारने मान डावीकडे टाकली आणि पळीसाठी हात पुढे केला.

"एवढ्याने काय होतंय."

'होतंय' लांबवून, अगदी स्वच्छ मराठीत. थट्टेने म्हणाला की भुकेने की बापाला बरं वाटावं म्हणून, मला सांगता येणार नाही. त्या घरात राहायला आल्यापासून त्याच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं पूर्ण मराठी वाक्य होतं. काकू हसायला गेल्या आणि हसल्या नाहीत.

काकांनी पातेलं त्याच्या हाताखालून ओढून घेतलं. आपल्या पुढ्यात ठेवलं, त्यावर झाकण ठेवलं, झाकणावर हात ठेवला.

"बाबा, रिलॅक्स ला. आई टोल्ड मी यू वॉश्ड इट."

 काकांनी दुसऱ्या हाताने कोशिंबिरीचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. केदारने एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग मुकाट्याने कोशिंबीर वाढून घेतली. काकूंनी त्याला उबीनच्या रस्त्यांबद्दल विचारलं, चिखल होता का, माकडं होती का. तो सांगत राहिला, इंग्रजीत.

"त्याला मराठी मी शिकवलं," काका मला हळूच म्हणाले. "बघ, काय लक्षात राहिलं."

पातेल्यातून अजून वाफ येत होती आणि झाकण चांगलंच तापत चाललं होतं. जेवण संपेपर्यंत काकांचा हात त्यावरून हलला नाही.