सलूहानं हिणवलेल्या टोपलीची गोष्ट

सलूहाला बोलायची पोच नव्हती. नवऱ्या मुलाची आई झाली म्हणून काय भर लग्नघरात निरोप धाडायचा, की "नवरीला मोटारीतून पाठवा, आजीबाईंची ती टोपली उंटावर टिकायची नाही"?

टोपली म्हणे. डाळिंबाच्या फांद्या वाकवून बांधलेली, लाल पडद्यांची अंबारी ती. दूझच्या वाळवंटात नवरी तिच्यातूनच सासरी जाते. नवरीची मबरूकाआजी तशीच आली होती.

"आई, मोटार सांगू का?" आजीचा मुलगा, नवरीचा बाप बेलगासेम म्हणाला.

"सांग. आणि तूच बस तिच्यात."

पण आजीच्या मनात किडा शिरला तो शिरलाच, अंबारी खरंच टिकेल ना? नवरी, म्हणजे नात रबह, घरात मेंदी धूत होती, उंट अंगणात बसला होता. आजी अंबारीत चढली, पडदा ओढला आणि गाठी धरून गदागदा हलवू लागली.

बेलगासेमनं पाहिलं, पडदा पडलाय, आत कुणीतरी हलतंय. "बसली नवरी. उठवा उंट."

ढोल वाजले. एकदा पडदा पडला की सासरच्या दारापर्यंत तो कुणी उचलत नाही, आणि आतलीनं तोंड उघडायचं नसतं. आजीला ओरडता आलं असतं. पण वरातीत सलूहाचे दोघे भाऊ चालत होते, म्हातारी घाबरली म्हणायला टपलेले. आजीनं ओठ मिटले.

"उंट फार कुरकुरतोय," एक भाऊ म्हणाला.

"खात्यापित्या घरची आहे पोर," बेलगासेम म्हणाला. आजीनं आतल्या आत त्याचा कान पिळला.

सासरच्या दारात उंट बसला. तिथं सासू चारचौघांत घर हवाली करेपर्यंत नवरी उतरत नाही. सलूहा तोंड वाकडं करून पुढे झाली.

"उतर, पोरी. आजपासून हे घर तुझं. इथं तुझाच शब्द चालेल."

आणि तिनं पडदा सारला.

ढोलवाल्याचा हात वरच राहिला. तेवढ्यात मागून खजुरांची गाडी धूळ उडवत आली. पेट्यांवर नवरी बसलेली, चपला हातात, डोळ्यांत अंगार.

"आई, उतर आता," बेलगासेम कुजबुजला.

"तू गप रे."

आजीनं ओढणी नीट केली आणि बसल्या जागेवरून म्हणाली, "सगळ्यांनी ऐकलंय, सलूहा. घर माझं, शब्द माझा. माझ्या दारात माझी नात खजुरांच्या गाडीतून उतरणार नाही. मी खाली येते, ती वर बसेल, उंट गावाला पुन्हा फेरी मारेल. आणि त्याची दोरी तू धरायचीस."