ऑर्विलनं बाजू बदलली

शाळेच्या व्यायामशाळेत शिरताच व्हर्नानं आपल्या धाकट्या भावाला दंडाला धरून पियानोजवळच्या कोपऱ्यात उभं केलं.

"इथनं हलायचं नाही, ऑर्विल. तुला धरून आपण बरोबर आठ आहोत. आठाला एक जरी कमी पडला तरी गट बाद!"

"मी कुठं जातोय?" ऑर्विल म्हणाला. आणि त्याला खरंच तसं वाटत होतं.

आयोवात राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार असाच निवडतात. मतपत्रिका नाही, पडदा नाही. जानेवारीच्या गोठवणाऱ्या संध्याकाळी गावानं जमायचं आणि ज्याला जो उमेदवार हवा त्याच्या कोपऱ्यात सगळ्यांदेखत उभं राहायचं. व्हर्ना सेनेटर व्हिटलोबाईंसाठी नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापासून दारोदार फिरत होती. आज तिनं दोन पराती भरून लिंबाच्या वड्याही आणल्या होत्या. बास्केटच्या जाळीखाली गव्हर्नर मॅबरींची गर्दी होती. त्यांच्याकडे पैसा रग्गड, त्यामुळे छापील फलक, टोप्या, वर सँडविचेस. आणि स्वयंपाकघराच्या दाराशी, हातानं रंगवलेल्या एका पुठ्ठ्याखाली, ट्रास्कची पाच-सहा माणसं. ट्रास्क मागच्या खेपेला सपाटून आपटला होता आणि या खेपेला पुन्हा उभा होता.

त्या पुठ्ठ्याखाली मार्लिस उभी होती.

शाळेत असताना ती ऑर्विलच्या पुढच्या बाकावर बसायची. पुढं तिच्या वडिलांचं मका काढायचं यंत्र दुरुस्त करायला तो एक अख्खा उन्हाळा जात राहिला. यंत्र पहिल्या आठवड्यातच नीट झालं होतं. पण बोलायचं ते राहूनच गेलं आणि मार्लिस ओमाहाच्या एका दंतवैद्याशी लग्न करून निघून गेली. ऑर्विलनं बियाणांचं दुकान टाकलं, लग्न केलं नाही, आणि कोणी विचारलंच तर वेळ मिळाला नाही म्हणायचा. दंतवैद्य वारल्यावर ती या शरदात आईच्या घरी परतली होती. तेव्हापासून ऑर्विल तिच्या गल्लीतून गाडी हळू नेत असे. खिडकीत दिवा दिसला की घरी जाऊन त्याला जेवण गोड लागे.

"फक्त कॉफी घेणार का विचारतो आणि परत येतो," तो मनाशी म्हणाला. व्हर्ना वड्या वाटत होती. तो सटकला.

"मार्लिस," तो तिच्याजवळ पोचून म्हणाला, "तू... कॉफी..."

"जो जिथं आहे तिथंच थांबा!" अध्यक्ष ड्वेन खुर्चीवर चढून ओरडला. "मोजणी सुरू!"

आणि ऑर्विल ट्रास्कच्या गटात मोजला गेला.

एवढ्यावर भागलं असतं. पण ऑर्विल राजकारणावर कधी चकार शब्द काढत नसे, आणि दुकानात वाईट बियाणं ठेवत नसे. गव्हर्नरांच्या गर्दीतल्या लेस्टरनं हे पाहिलं.

"ऑर्विल तिकडं गेला?" तो बायकोला म्हणाला. "सख्ख्या बहिणीला सोडून? त्याला काहीतरी ठाऊक असणार. चल!"

मोजणी जाळीखाली पोचायच्या आतच लेस्टर निघाला, म्हणून त्याचे दोन शेजारी निघाले. ट्रास्कचा गट तरला. व्हर्नाचा सातावर बुडाला.

"ऑर्विल हॅल्व्हर्सन!" व्हर्नाचा आवाज छताला लागला. "माझ्या वड्या खाऊन त्या ट्रास्ककडं? आई असती तर तुला बर्फात उभं केलं असतं!"

"अगं, मी फक्त..."

"आता अर्धा तास गट बदलायला, नाहीतर बुडालेला गट पुरा करायला," ड्वेननं जाहीर केलं. "पण आधी ऑर्विल, दोन शब्द बोल. का गेलास तिकडं?"

सगळी व्यायामशाळा त्याच्याकडे वळली. ऑर्विल जन्मात कधी चारचौघांत बोलला नव्हता. त्यानं बुटांकडे पाहिलं.

"मी फार वर्षं गप्प राहिलो," तो म्हणाला. "वाटायचं, वेळ आहे. मग माणूस निघून जातं, आणि आपण दर हिवाळ्यात त्याच्याशी काय बोललो असतो ते मनात बोलत बसतो. असं माणूस परत आलं, तर त्याच्या बाजूला जाऊन उभं राहावं. बाकी मला काही कळत नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लेस्टरच्या बायकोनं डोळे पुसले. "ट्रास्कबद्दल एवढं मनापासून कोणी बोललं नव्हतं हो," ती म्हणाली. गटानं तिथल्या तिथं ऑर्विलला मार्चमधल्या जिल्हा सभेसाठी प्रतिनिधी निवडून टाकलं.

ऑर्विलनं मान वर केली. शेजारी मार्लिस नव्हती. ती पियानोजवळ होती. व्हर्ना रडू लागलेली पाहून ती केव्हाच तिकडे गेली होती आणि तिच्यामुळे व्हर्नाचे आठ पुरे झाले होते. कृतज्ञतेच्या भरात व्हर्नानं तिलाच आपल्या गटाची प्रतिनिधी केलं.

ऑर्विलला परत जाता येईना. लेस्टर त्याचा हात सोडत नव्हता.

सभा सुटली. कोटांच्या खुंट्यांपाशी मार्लिस हातमोजे घालत होती.

"छान बोललास," ती म्हणाली. "गट सोडल्याचं मला वाईटच वाटलं."

ऑर्विलनं टोपी हातात फिरवली. "ते ट्रास्कबद्दल नव्हतं."

"माहीत आहे. ट्रास्कला मी भेटलेय. तो परत यावा असं त्याच्या बायकोलासुद्धा वाटत नसेल." तिनं मोज्याचं बोट सारखं केलं. "मार्चमध्ये सभेला जायला मला कोणीतरी लागेल. बर्फात मला गाडी चालवता येत नाही. नेशील?"

"नेईन की." ऑर्विल दारापर्यंत गेला आणि परत आला. "मार्लिस, उद्या मोकळी आहेस? नाही म्हणजे... एकदा रस्ता बघून येऊ."

त्या रस्त्यानं तो उभा जन्म बियाणं वाहत होता.

"हो," मार्लिस म्हणाली, "रस्ता बघितलेला बरा."