गेणबाच्या नवसातली मासळी

गेणबाला मटण सोडून तिसरं वर्ष लागलं होतं, आणि घोटावड्यात कुणाच्याही घरी मसाला भाजला की त्याचा जीव कासावीस व्हायचा. नातीचं, सायलीचं, लग्न जमेना, तेव्हा तो देवळात जाऊन नवस बोलला होता. "पोरीच्या डोक्यावर अक्षता पडंस्तोवर मटण-कोंबडी तोंडाला लावणार न्हाई." मासळीचं नाव त्यानं मुद्दामच घेतलं नाही. सहा महिन्यांचा तर प्रश्न, तेवढे धरणातल्या माशांवर निघतील, असा त्याचा हिशोब.

"देवाला काय येडा समजलात व्हय?" बायको चंद्राबाई म्हणाली खरी, पण मासे तीच तळून वाढायची.

सहा महिने कुठले! सायली हिंजवडीला कंपनीत. येईल त्या स्थळाला नाक मुरडायची. इकडे गेणबा धरणातली चिलापी मासळी खाऊन खाऊन कावला. पण आशा सुटते थोडीच? नवस फिटेल त्या दिवसासाठी म्हणून त्यानं एक करडू आणून दारात बांधलं, आणि तिथंच घोळ झाला. करडाचा बोकड झाला, त्याला दाढी फुटली, तशी सायली म्हणाली, "आबा, हा डिट्टो आमच्या मॅनेजरसारखा दिसतो हो! ओरडतो पण तसाच."

झालं, बोकडाचं नाव मॅनेजर पडलं. संध्याकाळी कंपनीची बस फाट्यावर थांबली की मॅनेजर दाव्याला ताण देऊन रस्त्याकडं बघायचा. सायली आली की डब्यातली उरलेली चपाती आधी त्याला.

पौडचा असलम खाटीक भेटला की विचारायचा, "आबा, कवा येऊ?"

"येळ हाय अजून," गेणबा म्हणायचा. म्हणताना तोंडाला पाणी सुटायचं, हे कशाला लपवा!

अखेर यंदा सायलीनं आपणच कंपनीतला मुलगा पसंत केला. लग्न थाटात झालं, पोर सासरी गेली, आणि भावकीला मटणाचं जेवण ठरलं. आदल्या संध्याकाळी बस आली आणि गेली. मॅनेजर रस्त्याकडं बघत उभाच राहिला. ओट्यावर गेणबाही बसून होता. घर नुसतं खायला उठलं होतं.

सकाळी असलम सुऱ्या घेऊन हजर. चुलीवर कांदा-खोबरं भाजलं जात होतं. काय तो वास! गेणबाचा धीरच सुटत चालला.

"आबा, सोडा बोकड."

गेणबानं दावं सोडलं. मॅनेजर पळाला नाही की ओरडला नाही. सरळ फाटकापाशी गेला आणि रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला.

"थांब रं असलम," गेणबा दावं हाताला गुंडाळत म्हणाला. "नवस फिटला न्हाई अजून."

"आं? लगीन झालं की!"

"लगीन झालं, पर पणतवंड मांडीवर खेळंस्तोवर, असं बोललो हुतो मी. इसारलोच हुतो बघ."

भावकी एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागली. नवसाच्या वेळी देवळात बरोबर होती ती एकटी चंद्राबाई. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, बोकडाकडं पाहिलं आणि पदरानं नाक पुसलं. "व्हय, असंच बोलले हुते," ती म्हणाली. "म्या ऐकलंय ना. असलम, तू दुकानातनं मटण आण."

भावकी रस्सा ओरपून जेवली. गेणबा कडेला बसून चिलापीचे काटे काढत होता. तेवढ्यात सायलीचा फोन आला.

"आबा, जेवलात पोटभर?" तिचा आवाज रडवेला. "मॅनेजरला... काही त्रास नाही ना झाला?"

"हाय की हितं. घे, बोल त्याच्याशी." गेणबानं फोन बोकडाच्या कानाला लावला. बोकड असा काही बेंबटला, की पलीकडं सायली हसता हसता रडायलाच लागली. मग गेणबानं तिला वाढीव नवस सांगितला.

"अहो आबा!" ती किंचाळली. "आम्ही तर पाच वर्षं मुलाचा विचारच करायचा नाही, असं ठरवलंय!"

गेणबानं मटणाच्या पातेल्याकडं एकदा डोळे भरून पाहिलं. मॅनेजर एव्हाना त्याच्या धोतराचा सोगा चघळत होता.

"सावकाश होऊ द्या बाई," तो म्हणाला. "काय घाई न्हाई." आणि ताट पुढं सारत त्यानं हाक दिली, "चंद्रे, चिलापीचा अजून एक तुकडा वाढ."