चंद्रीमार्फत

शेषरावकाकांच्या म्हशीला गावातल्या कुठल्याही माणसापेक्षा जास्त बातम्या ठाऊक आहेत. कोणाच्या वावरात अळी पडली, कोणाच्या विहिरीचं पाणी खाली गेलं, शिरपूरच्या बाजारात मिरची काय भावाने गेली, सगळं काका तिला सांगायचे. तेही कानात नाही, खड्या आवाजात. नवीन पाव्हण्याला वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. फिरलंबिरलं काही नव्हतं. म्हशीला सांगायचं आणि कुडापलीकडच्या थोरल्या भावाने ऐकायचं, अशी ती व्यवस्था होती.

माझी पिठाची चक्की त्यांच्या घरासमोर आहे, मध्ये फक्त रस्ता. चक्कीवाल्याला पीठ अंगावर आणि बातम्या कानावर फुकट मिळतात. चक्की चालू असली की मला स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही, पण आमच्याकडे लाइन जाण्याला काही धरबंध नाही. लाइन गेली की मी पोत्यावर बसून समोरचं ऐकत असे.

म्हशीचं नाव चंद्री. आताची ही तिसरी. पहिली म्हातारी होऊन मेली, तिची लेक चंद्री, आणि तिची लेकही चंद्रीच. म्हशी बदलल्या, नाव आणि नोकरी तीच राहिली.

भांडण झालं होतं लग्नाच्या पत्रिकेवरून. विश्वनाथराव थोरले, शेषराव धाकटे. विश्वनाथरावांच्या मुलीचं लग्न ठरलं, पत्रिका छापून आल्या, आणि खाली घरच्या मंडळींची नावं असतात तिथे सख्ख्या भावाचं नाव विश्वनाथरावांच्या साळ्याच्या खाली. छापणाऱ्याची चूक झाली, असं थोरले सांगत. "छापनाऱ्याले काय सपन पडलं होतं?" असं धाकटे विचारत. तरी लग्नात काका बादली घेऊन शेवटच्या पंगतीपर्यंत वाढत होते. पुतणी सासरी निघाली तेव्हा तिच्या बापापेक्षा तेच जास्त रडले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सामाईक अंगणाच्या मधोमध चर खणायला लागले. कूड घालायचा होता.

कूड म्हणजे तुराट्यांची भिंत. तुरी झोडून झाल्या की उरलेल्या काड्या चरात दाटीने उभ्या करायच्या, दोन्ही अंगांनी बांबूच्या कामट्या आडव्या धरायच्या आणि दोरीने आवळायच्या. यात मेख एवढीच की हे काम एकट्याचं नाही. इकडच्याने दोरीचं टोक आरपार घालायचं, पलीकडच्याने ते ओढून कामटीला वेढा द्यायचा आणि परत इकडे घालायचं. काका एकटेच इकडून टोक घालत, रस्त्यावरून वळसा मारून भावाच्या दारातून पलीकडे जात, ओढत, परत येत. तोवर इकडची गाठ सुटलेली असे. विश्वनाथराव ओट्यावर बसून हे सारं पाहत होते. शेवटी त्यांच्याने राहवलं नाही. ते उठून कुडाशी उकिडवे बसले आणि बांधलेल्या म्हशीला म्हणाले, "चंद्रे, सांग तुह्या मालकाले, भांडाची अक्कल हाये, कूड घालाची नाई." आणि त्यांनी दोरी ओढली. चंद्रीमार्फत गेलेला तो पहिला निरोप.

तुराट्यांचा कूड टिकून टिकून किती टिकणार? पावसात बुडं कुजतात, वाळवी लागते, होळीला पोरं काड्या उपसून नेतात. त्या दिवशी दोघे भाऊ आपापल्या बाजूने एकाच पोराला एकच शिवी देत. म्हणून दरवर्षी तुरी निघाल्या की नवा कूड. एकमेकांपासून वेगळं राहण्यासाठी या दोघांना वर्षातून एक दिवस समोरासमोर बसावं लागे, आणि तो दिवस मी चक्कीचा पट्टा बदलायला राखून ठेवत असे. पट्टा चांगला असला तरी.

बाकी वर्षभर टपाल चालूच असायचं. मृग लागला की काका आभाळाकडे बघून म्हणायचे, "चंद्रे, जमिनीत अजून वल नाई. कोनी पेरनीची घाई करून राह्यला असन त त्याले म्हना, दम धर." पलीकडून उत्तर यायचं, "चंद्रे, तुह्या मालकाले सांग, मी त्याच्या आंधी जन्मलो." सोयाबीन सोंगायला आलं की मजूर कोणाकडे आधी जाणार, हरभऱ्याला पाणी कधी सोडायचं, सगळं तिच्यामार्फत ठरे. ती रवंथ करत उभी असे.

मी एकदा विचारलं, "काका, सरळच बोला ना त्यांच्याशी."

"मी कुठी बोलून राह्यलो त्याच्यासंग?" काका म्हणाले. "मी चंद्रीसंग बोलून राह्यलो. आता त्याचे कान लंबे हायेत, त्याले मी काय करू?"

दर पावसाळ्यात ते कुडाच्या बुडाशी वालाचं बी टोचायचे. अंगणात दुसरी जागा नव्हती असं नाही. पण वेल कुडावर चढायचा आणि उन्हाच्या ओढीने पलीकडे झुकायचा. शेंगा बहुतेक तिकडेच लागायच्या. मग थंडीत काका कपाळाला हात लावून ओरडायचे, "पाह्य चंद्रे, मेहनत माही अन् सारा माल पल्याड जाते." पुढच्या वर्षी बी पुन्हा तिथेच.

दोघांच्या बायका पुढे एकामागून एक गेल्या. लेकी सासरी गेल्या, विश्वनाथरावांचा मुलगा पुण्याला कंपनीत लागला. दोन घरांत दोन म्हातारे आणि दोन चुली उरल्या. थोरल्या वहिनी गेल्या त्या संध्याकाळी माणसं पांगल्यावर मी काकांना कुडापाशी पाहिलं. हातातली भाकरी-पिठल्याची ताटली त्यांनी कुडावर टेकवली आणि म्हणाले, "चंद्रे, त्याले म्हना, दोन घास खाऊन घे." पलीकडून हात आला, ताटली गेली. मला वाटलं, आता तरी ही अढी सुटेल. पण सकाळी रिकामी ताटली कुडावर होती आणि पलीकडून निरोप होता, "चंद्रे, तुह्या मालकाले सांग, पिठल्यात मीठ जास्त झालं."

गेल्या वर्षी दिवाळीनंतर विश्वनाथरावांचा खोकला बळावला. उत्तरं छोटी होत गेली. काकांचे निरोप मात्र लांबले. "चंद्रे, गोया घेतल्या का विचार. चंद्रे, थंड्या पान्यानं आंघोय करून राह्यला तो, आवाज येते मले." पलीकडून नुसतं खोकणं यायचं. काका तेच उत्तर समजून गप्प बसायचे.

मग पुण्याहून मुलगा आला आणि वडिलांना वाशीमच्या दवाखान्यात न्यायला गाडी दारात लागली. मी विश्वनाथरावांना धरून गाडीत बसवलं. अंगात वजन असं उरलंच नव्हतं. काका आपल्या अंगणातून बाहेर आले नाहीत. कुडापाशी उभे राहून मोठ्याने म्हणाले, "चंद्रे, सांग त्याले, लवकर ये म्हना. तुरी निंघाल्या का कूड घालाचा हाये."

चंद्री तिथे नव्हती. ती गावच्या ढोरांबरोबर चरायला गेली होती. रिकामा खुंटा काकांच्या लक्षातच आला नव्हता.

पण विश्वनाथरावांच्या आला. गाडीच्या खिडकीतून त्यांना कुडाचं रस्त्याकडचं टोक आणि त्यापलीकडचा मोकळा खुंटा दिसत होता. ते हसले. खोकत खोकत हसले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ भावाला म्हणाले, "कोनाले सांगून राह्यला बे, शेष्या?"

काकांचं तोंड उघडलं. मुलाने घाईने दार लावलं, गाडी सुरू झाली आणि वळणावर दिसेनाशी झाली. काका तसेच उभे होते. विश्वनाथराव त्या गाडीने परत आले नाहीत. दुसऱ्या गाडीने आले, ते बोलण्याच्या पलीकडे गेल्यावर.

काकांनी खांदा दिला, तेरवीला बादली घेऊन वाढलं. त्यानंतर मात्र त्यांनी चंद्रीशी बोलणं टाकलं. चारा, पाणी, धार, सगळं वेळेवर, पण मुक्याने. लाइन जायची, मी पोत्यावर बसून कान द्यायचो आणि समोरून काहीच यायचं नाही. मला फार वाईट वाटायचं. चंद्री मधूनच मान वळवून रेकायची. पलीकडे वालाच्या शेंगा वेलीवरच वाळून तडकल्या, काकांनी एकीलाही हात लावला नाही.

पुतण्याने जाताना सांगितलं होतं, "काका, आता सारं अंगण तुमचंच. तो कूड काढून टाका."

माघात तुरी निघाल्या. एका दुपारी चक्की थांबवून मी बाहेर आलो, तर काकांनी जुना कूड उपसला होता आणि त्याच चरात नव्या तुराट्या उभ्या करत होते. दोरीचं टोक घालत होते, रस्त्यावरून वळसा मारून भावाच्या बंद घराच्या अंगणात जात होते, ओढत होते, परत येत होते. तोवर इकडची गाठ सुटत होती. पहिल्या वर्षासारखंच, फक्त आता पाय उचलत नव्हते आणि ओट्यावर कोणी नव्हतं.

मी रस्ता ओलांडला. "काका, आता कायले कूड? दोन्हीकडे तुमीच तर हाये."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "कूड काढला त पल्याड राह्यतेच कुठी, बाबू?" ते म्हणाले. "मंग सारं इकडचंच होते."

मी गेलो पलीकडे आणि विश्वनाथराव बसायचे तिथे उकिडवा बसलो. तुराट्या दाट लावल्या होत्या, काका दिसत नव्हते. दोरीचं टोक आलं की मी ओढायचो, वेढा द्यायचो, परत घालायचो. बराच वेळ आम्ही असे बांधत होतो. चंद्री तिकडे खुंट्याला होती, तिच्या गळ्यातली घंटी ऐकू येत होती.

मग टोक आलं आणि मी ते ओढणार तोच लक्षात आलं, काकांनी तिकडून दोरी सोडलीच नाही. त्यांनी चंद्रीचं नाव घेतलं नाही. आवाजही नेहमीचा खडा नव्हता.

"तुलेच सांगून राह्यलो होतो, दादा," ते म्हणाले. "दुसऱ्या कोनाले सांगू?"

जरा वेळाने दोरी सैल झाली, तेव्हा मी ती ओढली, कामटीला वेढा दिला आणि टोक परत त्यांच्याकडे घातलं.