‘भोंगा वाजवा’ची चोरी

भाऊजींनी मिनीबसच्या दाराशी उभं राहून, एका हाताने वरचा दांडा धरून आणि दुसरा कोटाच्या खिशात खुपसून स्वतःची ओळख करून दिली. बसमधले सगळे त्यांना चांगले ओळखत होते. मेहुण्याच्या तर सख्ख्या बहिणीशीच त्यांचं लग्न झालेलं होतं. पण भाऊजींच्या मते ओळख लसीसारखी असते, मधूनमधून पुन्हा द्यावी लागते.

“मित्रहो, निसर्ग सगळ्यांना डोळे देतो. मला त्याने नजर दिली! तुम्ही जिला धूळ म्हणता तिच्यात मला पावलं दिसतात. तुम्ही जिला शांतता म्हणता तिच्यात मला कट ऐकू येतो. लोकरीच्या गिरणीत मालतपासनीस होतो, तेव्हा गठ्ठा न सोडता आतली कसर सांगत असे. आज आपल्या मंडळाबरोबर एक गुप्तहेर आहे, हे तुमचं भाग्य समजा.”

“बसा आता भाऊजी, वळण आहे,” मेहुणा म्हणाला.

भाऊजी बसले. म्हणजे वळणाने त्यांना बसवलं. मग त्यांनी खिशातून आल्याच्या गोळ्या काढून सगळ्यांना वाटल्या. खोकला नसतानाही ते दिवसभर या गोळ्या चघळत आणि त्यांचे हिरवे कागद जिथे फट दिसेल तिथे खोचून ठेवत.

मेहुण्याचं चष्म्याचं दुकान होतं. त्याने भाऊजींना अगदी मापाचा चष्मा करून दिला होता. भाऊजींनी तो आतल्या खिशात वेषांतरासाठी राखून ठेवला होता. अशा माणसाचा मदतनीस होणं मेहुण्याच्या नशिबी कसं आलं, याचं उत्तर सोपं होतं. ताईने सांगितलं होतं, “रविवारी यांना जरा बाहेर ने रे, मला घर आवरायचंय.”

मंडळाचं नाव होतं ‘जुने फलक मित्रमंडळ’. रस्त्याकडेच्या जुन्या पाट्या बघायला ही माणसं पदरमोड करून मैलोन्‌मैल जात. गंजलेल्या ‘थांबा’समोर थांबून उसासे टाकत. मंडळात एक दातांचे डॉक्टर होते. ते प्रत्येक फलकावर बोटाच्या नखाने टकटक करून म्हणत, “मुलामा शाबूत आहे, कीड नाही.” आणि अध्यक्ष होत्या मावशी. सगळेच त्यांना मावशी म्हणत, त्यामुळे त्या नेमक्या कोणाच्या मावशी हे आता कोणालाच आठवत नव्हतं.

आजची सहल मावशींसाठी होती. नदीकाठच्या वळणावर निळ्या मुलाम्याचा एक जुना फलक शिल्लक होता. त्यावर रबरी फुग्याच्या भोंग्याचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘भोंगा वाजवा’. त्याच्यासारखा दुसरा उरला नव्हता. सोमवारी रस्तेखात्याची माणसं तो काढून तिथे चकचकीत नवा बसवणार होती. मावशींनी खेटे घालघालून खात्याच्या साहेबांना कबूल करवलं होतं, की रविवारी सकाळी ते स्वतः येऊन फलक बघतील, मंडळाचं म्हणणं ऐकतील आणि तिथल्या तिथे काय तो निर्णय देतील.

“माझे बाबा त्या वळणावर गाडी हळू करायचे,” मावशी खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या. “मला मांडीवर घ्यायचे आणि म्हणायचे, वाच बघू काय लिहिलंय. मी वाचायची आणि भोंगा दाबायची. मला वाचायला त्या फलकानेच शिकवलं म्हणा ना. गाडी विकली त्यानंतर मी तिकडे फिरकलेच नाही.”

मेहुणा तोंडातली आल्याची गोळी चघळायचं विसरला.

मंडळाचा एक कडक नियम होता. सहलीला निघालं की सगळे फोन बंद करून मावशींच्या पिशवीत ठेवायचे आणि कोणालाही रस्ता विचारायचा नाही. जुन्या पाट्या सांगतील तसंच जायचं. ज्यांच्यावर आपलं प्रेम आहे त्यांच्यावर विश्वास नको का, असं मावशींचं म्हणणं होतं.

“काळजी नको,” भाऊजी म्हणाले. “गेल्या रविवारी एकटा जाऊन फाट्यापर्यंतची पाहणी केलीय मी.” त्यांनी एक फोटो फिरवला. फाट्यावर लोखंडी हाताच्या आकाराची दिशादर्शक पाटी होती. फोटोत तिची पाठ होती आणि तिच्यावरचा ओतशाळेचा शिक्का सकाळच्या उन्हात लखलखत होता. पाठीचा शिक्का मिळाला की या मंडळींना समोरच्या मजकुराचं काही वाटत नसे.

फाटा आला. लोखंडी हाताचं बोट डावीकडे रोखलेलं होतं आणि त्याच्या दोन्ही अंगांना लिहिलं होतं ‘नदीकडे’. चालक डावीकडे वळला.

बराच वेळ गेला. रस्ता चढाला लागला. मग एक वळण आलं आणि वळणावर एक लोखंडी खांब आला. खांबावर काही नव्हतं. वरच्या टोकाला पाटी बसवण्याची भोकं तेवढी होती.

“गेला!” डॉक्टर ओरडले.

मावशी उतरल्या आणि खांबाजवळ नुसत्याच उभ्या राहिल्या. त्यांचा हात पिशवीच्या बंदावर घट्ट आवळलेला होता. मेहुण्याला फार वाईट वाटलं. भाऊजींना मात्र आनंद लपवणं जड जात होतं.

“कोणीही हलू नका. ही चोरी आहे!”

“पण हीच का ती जागा?” मेहुण्याने विचारलं. “फलकाचा जुना फोटो असेल तर दाखवा ना कोणीतरी. आजूबाजूचं ताडून बघू.”

सगळ्यांनी मंडळाच्या जुन्या सभासदांकडून मिळालेले, आपापल्या वह्यांत चिकटवलेले फोटो उघडले. सगळ्यांत फक्त फलक होता. मागे झाड आहे की घर, डोंगर आहे की दुकान, काही म्हणजे काही नाही. इतक्या वर्षांत एकाही बहाद्दराने फलकाच्या चौकटीबाहेर कॅमेरा नेला नव्हता.

“मला तर जवळच नदी आठवते,” मावशी हळूच म्हणाल्या.

भाऊजींनी चहूकडे नजर फिरवली. दूरवर कोरडा माळ होता. “मावशी, मन घट्ट करा,” ते म्हणाले. “फलकाबरोबर नदीही गेलीय.”

मग तपास सुरू झाला. भाऊजींचा पहिला संशय जुन्या वस्तू परदेशी पाठवणाऱ्या टोळीवर होता. टोळी हाताशी नसल्यामुळे तो डॉक्टरांवर वळला.

“तुमच्या दवाखान्यात ‘थांबा’ ही पाटी लावलीय. खरं की खोटं?”

“रीतसर लिलावात घेतलीय! पावती आहे.”

“पावती ठेवणारा माणूस मला नेहमीच संशयास्पद वाटतो,” भाऊजी म्हणाले आणि चालकाकडे वळले. “भोंगा वाजवायची सक्ती गेल्याने फायदा कोणाचा? ज्याला भोंगा वाजवायचा कंटाळा, त्याचा!”

“साहेब, मी सकाळपासून तुमच्यासोबत आहे,” चालक म्हणाला.

“तीच तर तुझी चलाखी.”

इतक्यात बाजूच्या फाटकातून एक आजोबा ओली चादर घेऊन बाहेर आले. चादर त्यांनी झटकली आणि सरळ खांबावर टाकली.

“पुरावा झाकला जातोय!” भाऊजी गरजले.

“वाळत घालतोय,” आजोबा म्हणाले. “खांब माझा आहे. तुम्ही काय शोधताय?”

“प्रश्न आम्ही विचारणार!”

“मग विचारा की.”

भाऊजींनी विचारलं नाही. मंडळाचा नियम होता. त्यांनी फक्त चादरीचा वास घेतला आणि “साबण! म्हणजे कोणीतरी ठसे धुतलेत,” असं जाहीर केलं. मेहुणा मावशींना पाणी द्यायला गेला. त्या घड्याळाकडे बघत होत्या. साहेब एव्हाना यायला हवे होते. आले नाहीत याचा अर्थ एकच, फलक आधीच काढून नेला, असं त्या म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. काच स्वच्छच होती, हे मेहुण्याच्या धंदेवाईक नजरेला दिसलं. त्यापुढे त्याने बघितलं नाही.

तेवढ्यात चढावरून स्कूटर आली. ताई होती. पुढे सगळ्यांच्या जेवणाच्या डब्यांची पिशवी आणि चेहऱ्यावर घर आवरून आलेल्या बाईचा राग.

“तुम्ही सगळे इथे काय करताय?”

“चोरीचा तपास,” भाऊजी म्हणाले. “फलक नाहीसा झालाय.”

“फलक नदीकाठी आहे. त्याच्याखाली साहेब बसलेत, जांभया देताहेत. मी त्यांना थांबवून ठेवलंय, पण फार वेळ नाही थांबायचे ते.”

“तुला कसा सापडला?” मेहुण्याने विचारलं.

“फाट्यावरच्या पंक्चरवाल्याला विचारलं. तुमची बस इकडे वळल्याचंही त्यानेच सांगितलं.”

ही युक्ती मंडळात कोणाला सुचलीच नव्हती.

बस सुसाट फाट्यावर आली, मागोमाग ताईची स्कूटर. भाऊजींनी तेवढ्यातही गाडी थांबवायला लावलीच. लोखंडी हात खांबावर सैल होता, बोटाने ढकलला तरी गर्रकन फिरत होता.

“हा कोणीतरी मुद्दाम फिरवलाय! मला एक मिनिट द्या, गुन्हेगार तुमच्यापुढे उभा करतो.” ते वाकले, पाटीच्या खाचेत बोट घातलं. “हा कागद इथे खोचलाय. हिरवा. म्हणजे गुन्हेगाराला काहीतरी चघळायची सवय आहे. पाटी फिरवली आणि तशीच ठेवली, म्हणजे घेतलेली वस्तू जागेवर ठेवायची सवय नाही. पाटीवर एवढं मोठं ‘नदीकडे’ लिहिलेलं त्याला दिसलं नाही, म्हणजे...” त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला. “नजर अधू असणार त्याची. आणि स्वतःला फार शहाणा समजत असणार.”

“हे वर्णन माझ्या माहितीतलं आहे,” ताई म्हणाली. “ओला टॉवेल पलंगावर टाकतो का तो?”

मेहुण्याने कागद वाचला. आल्याची गोळी. मग त्याने सकाळचा फोटो मागून घेतला. “भाऊजी, बोट नदीच्या रस्त्याकडे असलं की पाटीची पाठ पंक्चरवाल्याच्या भिंतीकडे येते. तिथे ऊन येतंच नाही. मग फोटोत तिच्यावर ऊन कुठून पडलं?”

“अर्थातच मी ती उन्हाकडे...” भाऊजी थांबले. त्यांच्या तोंडातली गोळी या गालातून त्या गालात गेली.

त्यावर बोलायला कोणाला वेळच नव्हता. डॉक्टरांनी जाता जाता बोट उजवीकडे वळवून ठेवलं आणि बस निघाली.

नदी जागच्या जागी होती. वळण दिसलं, वळणावर निळा फलक दिसला, आणि फलकाखाली दगडावर बसलेले साहेब निघायच्या तयारीत मोटारसायकलची किल्ली काढताना दिसले. चालकाने गाडी हळू केली. मावशी कधी उठून त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या, कळलंच नाही.

“वाचा मावशी, काय लिहिलंय,” चालक म्हणाला आणि त्याने स्टिअरिंगवरचा हात बाजूला घेतला.

मावशींनी वाचलं. मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करून, पहिलीतल्या मुलीसारखं. आणि मग भोंगा दाबला. तो असा काही वाजला की साहेबांची किल्ली गवतात पडली.

साहेब गाडीजवळ आले तेव्हा मावशींचा हात अजून भोंग्यावरच होता. मंडळाचं म्हणणं म्हणून ठरवलेलं भाषण पिशवीत तसंच राहिलं.

“मी नवा फलक मंजूर केला होता, कारण हा कोणी वाचत नाही असा अहवाल होता,” साहेब म्हणाले. “सकाळपासून बसलोय. एवढ्या गाड्या गेल्या, एकीनेही भोंगा वाजवला नाही. तुमचीच पहिली.” त्यांनी फलकाकडे पाहिलं, मग मावशींच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं. “राहू दे हा इथेच. काम करतोय अजून. मी उद्या सकाळी आमच्या माणसांना तसं कळवतो.”

मावशींनी भर रस्त्यात साहेबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. डॉक्टरांनी फलकावर टकटक केली. मेहुण्याने त्यांच्याकडून कॅमेरा घेतला, चांगलं दूर जाऊन फोटो काढला आणि त्यात फलक, मावशी, झाड, नदी, सगळं घेतलं.

“फाट्यावरचा तो हात मात्र वेल्डिंग करून पक्का बसवायला हवा,” साहेब निघताना म्हणाले. “कोणीतरी फिरवतं वाटतं.”

“माझा पहिल्यापासून त्याच्यावरच संशय होता,” भाऊजी म्हणाले आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी आतल्या खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.