सरपणाला एसी

ऑगस्टमध्ये दुबईजवळच्या अजमानच्या नळाला गरम पाणीच येतं, थंड पाण्याचा नळ उघडला तरी. त्या ऑगस्टमध्ये आमच्या शेजारच्या टिपणीसांच्या व्हिलातली सगळ्यात गार खोली सरपणासाठी राखीव असते. पाहुण्यांसाठी नाही, देवघरासाठी नाही, सरपणासाठी. दाराला रबराची पट्टी, आत चोवीस तास एसी, आणि फळ्यांवर ओळीने रचलेली पोती. एकदा सुनंदाकाकूंचा सख्खा भाऊ ठाण्याहून आला, तेव्हा त्याची गादी हॉलमध्ये घातली गेली. काकू चिडल्या, तर टिपणीसकाका अगदी शांतपणे म्हणाले, "अगं, दमट हवेत गोळ्या फुगतात. तुझा भाऊ फुगणार आहे का?"

गोळ्या म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या कांड्या. त्या ज्या शेगडीत जळतात तिला पेलेट स्टोव्ह म्हणतात. काका शेगडीच म्हणतात. वरच्या टाकीत गोळ्या ओतायच्या, आतला स्क्रू त्या थोड्याथोड्या खाली ढकलतो, पंखा वारा घालतो, पुढच्या काचेतून ज्वाळा दिसते आणि हॉलभर ऊब पसरते. युरोपात लोक अशाने अख्खं घर तापवतात. काका अजमानमध्ये तापवतात.

हसलात ना? सगळेच हसतात. आमच्या कंपाउंडमधले सावंत तर गेटपाशी उभे राहून ओरडतात, "काय टिपणीस, यंदा उंटाला स्वेटर विणताय की नाही?" मी स्पष्टच लिहिते, मला या हसण्याचा संताप येतो. पलीकडे दुबईत मॉलमध्ये खोटा बर्फ पाडतात, तिथे हेच सावंत पोराबाळांसकट भाड्याचे बूट घालून घसरायला जातात. वाळवंटात बर्फ केला तर प्रगती, आणि माणसाने स्वतःच्या घरात ऊब केली तर वेडेपणा! इथे थंडी पडत नाही हे घरं भाड्याने देणारे एजंट सांगतात. ज्यांनी जानेवारीत पहाटे अनवाणी पायाने इथल्या टाइल्सवर पाऊल ठेवलंय त्यांना खरं माहीत आहे. सावंतांनाही माहीत आहे. जानेवारीत ते कानटोपी घालून फिरायला जातात, मी पाहिलंय.

आणि ही शेगडी कुणाच्या घरात आहे ते पाहा. टिपणीसकाका एसीचे इंजिनिअर. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कंपनीत मेंटेनन्स मॅनेजर. कल्याणहून आले तेव्हापासून लोकांची घरं, गोदामं आणि ऑफिसं गार करणं हाच त्यांचा धंदा. तरी त्यांच्यापुढे धंद्याचं कौतुक करा, लगेच हात झटकतात. "हॅ! थंड काय, कुणीही करतं. बटण दाबलं, झालं."

शेगडी त्यांना धंद्यातच भेटली. रास अल खैमाच्या डोंगरात एका इटालियन जोडप्याचा एसी तपासायला गेले होते. ते जोडपं देश सोडून चाललं होतं, सामान विकत होतं. काकांनी कोपऱ्यातली ती काळी शेगडी पाहिली आणि एसी तपासायचा विसरले. संध्याकाळी ती पिकअपमधून आमच्या गल्लीत उतरली. काकू दारात उभ्या. "ही तिजोरी कुणाची?"

"आपली. ऊब आहे आत."

"आपल्याकडे ऊब कमी पडतेय का? जून विसरलात?"

"सुनंदा, ती ऊब नव्हे. तो उकाडा."

धुराचं नळकांडं बाहेर काढायला भिंत फोडावी लागणार होती, पण काकांनी जुन्या विंडो एसीचं भोक शोधून काढलं. इतकी वर्षं जिथून गार हवा आत आली तिथून आता धूर बाहेर जातो. पत्रा बसवला, आग न धरणारी रॉकवुल भरली, धुराचा अलार्म लावला, विषारी वायूचा अलार्म लावला. शिस्तीत काम. मग राहिला प्रश्न गोळ्यांचा. परदेशातून येणाऱ्या गोळ्यांकडे पाहून काका म्हणाले, "खजुराच्या देशात पाइन कशाला जाळायचं?"

इथे माझी मान ताठ होते. उम्म अल कुवैनकडच्या शेतांवर दरवर्षी खजुराच्या झावळ्या छाटतात आणि ढीगच्या ढीग टाकून देतात. मी त्यावर दोन पत्रकं काढली होती. कंपाउंडच्या गेटवर चिकटवली, वॉचमनने काढली, मी पुन्हा चिकटवली. तेव्हापासून काका मला 'पत्रकवाली' म्हणतात. पण मी नुसतं लिहिलं. हा माणूस रविवारी गाडी काढून त्या शेतांवर गेला. तिथल्याच एका कारखान्यात उंटांसाठी चाऱ्याच्या कांड्या दाबतात. चारा दाबणारं यंत्र झावळ्यांचा भुसाही दाबू शकतं हे काकांनी मालकाला पटवलं आणि सुट्टीच्या दिवशी यंत्र मागून घेतलं.

पहिल्या खेपेला एक गंमत झाली. आदल्या दिवशी त्या यंत्रातून मळी घातलेला चारा निघाला होता आणि ते कुणी धुतलं नव्हतं. काकांनी मोठ्या अभिमानाने शेगडी पेटवली आणि अर्ध्या तासात अख्ख्या गल्लीत जळक्या काकवीचा वास. काकू पदराने नाक दाबून म्हणाल्या, "हे घर आहे की गुऱ्हाळ?" निनाद, म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, खोलीचं दार किलकिलं करून म्हणाला, "बाबा, इट स्मेल्स लाइक कॅरॅमल," आणि दार लावून घेतलं. काका मात्र नव्या वहीचं पहिलं पान उघडलेल्या पोरासारखे ताजे. "खलास! पुढच्या वेळी यंत्र आधी धुवायचं. यल्ला, चला, अजून काय?"

अजून बरंच होतं. झावळीची राख आचेवर वितळते, तिचा खडा होतो, खडा जाळीत अडकतो आणि शेगडी गुदमरते. काकांनी इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या सुतारांकडून रंग न लावलेल्या लाकडाचा भुसा आणला, झावळीत मिसळला, प्रमाण बदललं, पुन्हा बदललं. वर्षभर हा माणूस शर्टाच्या खिशात बडीशेपेसारख्या गोळ्या घेऊन फिरत होता. कुणाच्या घरी जेवायला गेला की पाण्याच्या पेल्यात एक टाकायचा. "बुडाली! घट्ट आहे. तरंगली असती तर फेकून दिली असती." यजमानीणबाई दुसरा पेला आणायची. शेवटी खडा होणं थांबलं. दोन टाकाऊ गोष्टींमधून या माणसाने स्वच्छ जळण केलं, कुठे भाषण केलं नाही, फोटो टाकला नाही. मी एवढं केलं असतं तर पाच पत्रकं काढली असती.

मग सावंतांनी घरमालकाकडे तक्रार केली. आग लागेल म्हणाले.

घरमालक अबू राशिद हे वयस्कर गृहस्थ, अंगात पायघोळ पांढरा कंदुरा, हातात काठी. जानेवारीतल्या एका संध्याकाळी ते स्वतः आले. शेगडी चालू होती. काका उभे, काकू उभ्या, मी भांडायच्या तयारीने दारात. म्हाताऱ्याने नळकांडं पाहिलं, अलार्म पाहिले, काठीने पत्रा ठोकून पाहिला. मग त्यांचं लक्ष मांडून ठेवलेल्या गोळ्यांकडे गेलं. एक उचलून वास घेतला. "ये नख्ल है?"

"हां, अबू राशिद. खजूर की झावळी... पत्ता. आपके ही खेतवालों का कचरा."

"कचरा!" म्हातारा हसला. "मेरा वालिद सर्दी में यही जलाता था. बाहर, रेती में. हम सब बच्चा लोग ऐसे बैठता था." आणि त्यांनी हातांनी गोल करून दाखवला. मग ते बसले. काकूंनी बिनदुधाचा सुलेमानी चहा दिला. दुसरा मागितला. उठताना सावंतांच्या घराकडे काठी दाखवून म्हणाले, "उसको बोलो, आके बैठे. गुस्सा निकल जाएगा."

आता दर हिवाळ्यात एक पोतं अबू राशिदकडे जातं. लिहून ठेवा, या देशात पाहुणा म्हणून आलेल्या एका कल्याणच्या माणसाने इथल्या म्हाताऱ्याला त्याच्या बापाची आग परत दिली. हसणाऱ्यांनी असं काही एकदा करून दाखवावं.

शेगडीला काकूंनी एकच नियम घातला होता. एका नोव्हेंबरात काकांना दम निघाला नाही, त्यांनी पेटवली आणि सगळे घामाघूम होऊन ज्वाळा बघत बसले. तेव्हापासून हॉलमधला थर्मामीटर वीसच्या खाली गेल्याशिवाय काडी लावायची नाही. काका नियम पाळतात. जानेवारीत ऑफिसातून आले की चपला काढायच्या आधी थर्मामीटर.

एवढं कशासाठी, हे मी त्यांना एकदा सरळ विचारलं. मला आडून विचारता येत नाही. ते जाळी घासत होते.

"तुला सांगतो, पत्रकवाली. मी लोकांच्या घरात जातो, प्रत्येक खोलीत एक मशीन लावतो आणि सांगतो, दार बंद ठेवा, गारवा जातो. माझ्या घरातही तेच. मे ते ऑक्टोबर मी एकच शब्द बोलतो, 'दार लाव'. काकू तिच्या खोलीत मोबाइलवर मालिका बघते. निनाद त्याच्या खोलीत. मी हॉलमध्ये. जेवायला बोलवायचं तरी व्हॉट्सॅप करतो. शेगडी एकच आहे. ज्याला ऊब पाहिजे त्याने यायचं."

"येतात?"

"जानेवारीत येतात," ते म्हणाले आणि पुन्हा जाळी घासायला लागले.

यंदा थंडी आलीच नाही. डिसेंबर गेला, संक्रांत गेली, आणि निनादला कॅनडात नोकरी लागली. महिन्याच्या शेवटी जायचं. काका रोज थर्मामीटर बघत. तेवीस. चोवीस. एकदा बावीस झाला तेव्हा त्यांनी टाकी भरून ठेवली, दुसऱ्या दिवशी पुन्हा चोवीस. सावंत गेटवरून विचारत, "आली का हो थंडी?" आणि काका आत जाऊन पुन्हा थर्मामीटर बघत. मला एवढंच म्हणाले, "तिकडे भिंतीतूनच ऊब येते म्हणे. कुणी केली ते कळतही नाही." निनाद खोलीत बॅगा भरत होता, दार लावून.

जायच्या आदल्या संध्याकाळी मी त्याला भेटायला गेले. मगरिबची अजान नुकतीच झाली होती. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि अंगावर काटा आला. एसी सोळावर, पंखा फुल, आणि काकू शालीत गुरफटून सोफ्यावर. "काकू! हे काय? बाहेर चांगली हवा आहे," म्हणत मी रिमोटकडे हात नेला. त्यांनी तो उचलला आणि मांडीखाली घालून त्यावर बसल्या.

"तू आज पत्रक काढू नकोस."

तेवढ्यात काका आले. मी पाहिलं, अंगणातून येताना ते एसीच्या पाण्याच्या नळीपाशी थांबले. नळीतून धार लागली होती. ज्याने आयुष्यभर हेच काम केलं त्याला काही सांगायची गरज नव्हती. आत आले, थर्मामीटर पाहिला. एकोणीस. मग काकूंकडे पाहिलं.

"थंडी पडली वाटतं," काका म्हणाले.

"हो ना," काकू म्हणाल्या. "अचानकच."

शेगडी पेटवून काका तिच्यापुढे फरशीवर बसले. निनाद हुडी चढवत बाहेर आला. "आई, इट्स फ्रीझिंग इन हिअर! कोण..." आणि त्याने काचेमागे पेटणारी ज्वाळा पाहिली. एसीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. येऊन बापाशेजारी खाली फरशीवर बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "बाबा, मी टाकू?" काकांनी त्याला पोतं कसं धरायचं, टाकी किती भरायची, सगळं दाखवलं. त्याने ओतलं, दोन-चार गोळ्या बाहेर सांडल्या, त्या त्याने वेचून घेतल्या. एरवी ज्वाळेचा रंग, राखेचा पोत यावर तासभर बोलणारे काका आज सोफ्याला पाठ टेकून बसले.

आतल्या खोलीत निनादचा फोन वाजायला लागला. वाजून थांबला. पुन्हा वाजायला लागला. काकांचे डोळे मिटलेले.

काकूंनी हळूच विचारलं, "झोपलात का?"

"नाही गं. ऐकतोय."

"काय?"

"फोन वाजतोय," काका म्हणाले, "आणि कुणी उठत नाहीये."